देवासाठी सांगितलेलं अर्धसत्य चालतं का?

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५



सतराव्या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात. शरीराचं तप, वाणीचं तप आणि मनाचं तप. आजचा श्लोक वाणीच्या तपाचा आहे. त्याचा भावार्थ साधा आहे. जे बोलणं समोरच्याच्या मनाला टोचत नाही, जे खरं आहे, प्रिय आहे आणि हिताचं आहे, ते बोलणं आणि त्याच्या जोडीला स्वाध्याय, म्हणजे वाणीचं तप.

ऐकायला सोपं वाटतं. पण यात चार अटी आहेत आणि भगवंतांनी त्यांच्यामध्ये 'किंवा' ठेवलेलं नाही. खरंही हवं, प्रियही हवं, हिताचंही हवं, आणि उद्वेग तर नकोच. रोजच्या आयुष्यात आपण यातली एखादी अट पकडतो आणि बाकीच्या सोडून देतो. ऑफिसात साहेबांशी प्रिय बोलतो, सत्य बाजूला राहतं. घरी आईशी खरं बोलतो, पण असं बोलतो की ती दिवसभर गप्प बसते.

आज मात्र एक वेगळीच अडचण घेऊया. देवाधर्माच्या बाजूने बोलताना सत्याची अट थोडी सैल केली तर चालते का?

हा प्रश्न का काढला, ते सांगते. आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर महिन्यातून एकदा तरी एक मेसेज येतोच. मागे आकाशगंगेचा फोटो, खाली ओळ : जे विज्ञानाला आज कळलं, ते आपल्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आणि पुढे क्वांटम फिजिक्स. त्यात साधारण तीन दावे असतात. पहिला, निरीक्षक बघतो म्हणून जग अस्तित्वात येतं, आणि हा निरीक्षक म्हणजेच उपनिषदांचा साक्षी. दुसरा, दोन कण कितीही दूर असले तरी जोडलेले राहतात, म्हणून प्रार्थना क्षणात कुठेही पोचते. तिसरा, कणांच्या जगात सगळं अनिश्चित आहे, म्हणून आपण मनात आणू ते घडवू शकतो.

वाचून छान वाटतं, अभिमान वाटतो. आणि आपण पुढे पाठवतो. आता हे तीन दावे श्लोकाच्या दुसऱ्या अटीवर, म्हणजे सत्यावर, घासून बघूया.

इलेक्ट्रॉन नक्की काय करतो?

क्वांटमचं सगळं गूढ एका प्रयोगात दिसतं. एका आडोशाला दोन अतिशय बारीक फटी. एका बाजूने इलेक्ट्रॉन सोडायचे, दुसऱ्या बाजूला ते कुठे आपटतात याची नोंद घ्यायची. १९७४ साली इटलीत बोलोन्याच्या तीन शास्त्रज्ञांनी आणि १९८९ साली जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रयोग एकेक इलेक्ट्रॉन सोडून केले. दोन फटींच्या ऐवजी त्यांनी इलेक्ट्रॉनची वाट दुभंगणारी एक बारीक तार वापरली होती, पण तत्त्व तेच.

प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकच ठिपका उमटवतो. सुरुवातीला ठिपके कुठेही पडल्यासारखे दिसतात. पण हजारो ठिपके जमले की त्यातून काळे-पांढरे पट्टे उभे राहतात. असे पट्टे लाटांचे असतात. तळ्यात दोन दगड टाकले की दोन्हीकडच्या लाटा एकमेकींत मिसळतात, कुठे उंच होतात, कुठे विरतात, तसेच. आता विचार करा, इलेक्ट्रॉन तर एकेकटा आला होता. तो मिसळला कोणाशी?

पुढची गंमत अशी की इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला हे कळेल अशी सोय केली, की पट्टे नाहीसे होतात. इथेच मेसेज लिहिणारे टाळी वाजवतात. बघा, कोणी पाहिलं की वास्तव बदलतं!

पण इथे 'पाहणं' म्हणजे काय? माणसाने डोळे लावून बसणं, असा त्याचा अर्थ नाही. व्हिएन्नात २००४ साली केलेला एक प्रयोग हे फार सुंदर दाखवतो. तिथे इलेक्ट्रॉनच्या जागी कार्बनचे सत्तर अणू असलेले मोठे रेणू घेतले होते. रेणू गार असले की पट्टे स्वच्छ दिसायचे. लेसरने ते तापवत नेले, तसे पट्टे पुसट होत होत विरून गेले. कारण तापलेली वस्तू स्वतःच प्रकाश बाहेर टाकते, आणि त्या प्रकाशाबरोबर 'मी इथे आहे' ही खबर बाहेर जाते. ती खबर कोणीही वाचली नाही. कोणाचंही मन तिथे गुंतलं नव्हतं. रेणूने स्वतःचा पत्ता जगात सांडला, एवढं पुरेसं होतं. याला डिकोहेरन्स म्हणतात.

म्हणजे प्रयोगातला निरीक्षक हा बहुतेक वेळा एखादं यंत्र असतो, प्रकाशाचा एखादा कण असतो, नाहीतर आजूबाजूची हवा. चेतना असलीच पाहिजे असं या प्रयोगात काही नाही.

मग गूढ संपलं का?

नाही. आणि इथेच थांबून नीट ऐकण्यासारखं आहे.

पट्टे का विरतात ते कळलं. पण शेवटी एकच ठिपका का उमटतो, तोही नेमका इथेच का, हे कळलेलं नाही. श्रोडिंगरने १९२६ साली मांडलेलं समीकरण सगळ्या शक्यता एकत्र पुढे नेतं. आपल्या हाती मात्र त्यातली एकच लागते. कोणती लागेल याची शक्यता किती, हे त्याच वर्षी मॅक्स बॉर्नने सांगितलं. तो नियम आजवर एकदाही फसलेला नाही. पण अनेकांतून एक कसं होतं, हा प्रश्न शंभर वर्षं उघडाच आहे.

उत्तरं पुष्कळ दिली गेली. नील्स बोर आणि त्यांच्या वर्तुळाचं म्हणणं साधारण असं की मोजमापाच्या आधी इलेक्ट्रॉन कुठे होता, हे विचारण्यात अर्थ नाही. डेव्हिड बोमने १९५२ साली म्हटलं की कणाला नेहमीच जागा असते, एक अदृश्य लाट त्याला वाट दाखवते. ह्यू एव्हरेटने १९५७ साली म्हटलं की सगळ्याच शक्यता खऱ्या होतात, फक्त वेगवेगळ्या शाखांत. आणखी काहींच्या मते समीकरणच अपुरं आहे, आणि शक्यता आपोआप कोसळतात. आता गंमत बघा. यातली पहिली तीन मतं मान्य प्रयोगांचं भाकीत एकसारखंच करतात. त्यामुळे प्रयोग करून त्यांच्यातला एक विजेता ठरवता आलेला नाही.

चेतनेमुळेच निकाल लागतो, असंही एक मत होतं, आणि ते काही ऐऱ्यागैऱ्याचं नव्हतं. यूजीन विग्नर या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञाने १९६१ साली ते मांडलं. दोन वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी. पुढे डिकोहेरन्सचं काम पुढे आल्यावर विग्नर यांनी स्वतःच हे मत सोडून दिलं.

समजा आपण आपली श्रद्धा विग्नर यांच्या त्या लेखावर उभी केली असती. मग त्यांनी मत बदललं त्या दिवशी आपण काय करायचं? देव्हाऱ्यातला दिवा विझवायचा?

हे पूर्वीही घडून गेलंय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भौतिकशास्त्रात ईथर नावाची कल्पना होती. सगळ्या अवकाशात भरलेलं एक सूक्ष्म द्रव्य, ज्यातून प्रकाश जातो. तेव्हा मोठ्या उत्साहाने सांगितलं जायचं की आपलं आकाशतत्त्व म्हणजेच हे ईथर, विज्ञानानेच मान्य केलं! पुढे १९०५ साली आइन्स्टाइनने दाखवून दिलं की ईथरची गरजच नाही. ईथर गेलं. आकाशतत्त्वाचं काय बिघडलं? काहीच नाही. कारण ते ईथर कधी नव्हतंच.

साक्षी आणि डिटेक्टर

आता दुसऱ्या बाजूने पाहू. समजा भौतिकशास्त्र बाजूला ठेवलं. शास्त्राच्या दृष्टीने तरी हा पहिला दावा बरोबर आहे का?

तेराव्या अध्यायात भगवंत क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ असा भेद करतात. क्षेत्रात काय काय येतं, याची यादीच तिथे आहे. पंचमहाभूतं, अहंकार, बुद्धी, अव्यक्त, दहा इंद्रियं, मन आणि इंद्रियांचे पाच विषय. आता सांगा, डिटेक्टर कुठे बसतो? पंचमहाभूतांत. तो बघणारे शास्त्रज्ञाचे डोळे? इंद्रियांत. निकाल समजून घेणारी त्याची बुद्धी? तीही क्षेत्रातच. म्हणजे ज्याला आपण निरीक्षक म्हणून साक्षीच्या आसनावर बसवलं, तो गीतेच्या हिशेबाने अथपासून इतिपर्यंत दृश्यातच मोडतो.

आणखी एक. प्रयोगातला निरीक्षक काहीतरी करतो. त्याच्यामुळे पट्टे जातात. साक्षी काहीच करत नाही. सगळी कर्मं प्रकृती करते आणि आत्मा अकर्ता आहे हे जो पाहतो तोच खरं पाहतो, असं त्याच अध्यायात पुढे सांगितलंय. म्हणजे एक ढवळणारा आणि एक न ढवळणारा. दोघांना एकच नाव दिलं तर विज्ञान तर चुकतंच, वेदान्तही चुकतो. ऋषींचा गौरव करायला गेलो आणि त्यांनी कष्टाने केलेला सूक्ष्म विवेकच पुसून टाकला!

उरलेले दोन दावे पटकन बघू.

दूरच्या कणांची जोडी, म्हणजे एन्टँगलमेंट, अगदी खरी आहे. पण तिच्यातून निरोप पाठवता येत नाही. एका टोकाला मोजलं तर जे येतं ते नशिबाच्या फाशासारखं येतं. आपल्याला हवं ते उत्तर तिथे आणता येत नाही, मग त्यात निरोप भरणार कसा? दोन्ही टोकांच्या नोंदी नेहमीच्या मार्गाने, फोनने म्हणा की पत्राने, एकत्र आणल्या की मगच त्यांचा मेळ दिसतो. प्रार्थना पोचते की नाही हा श्रद्धेचा विषय आहे, पण ती या तारेवरून जात नाही.

आणि अनिश्चिततेचं म्हणाल तर हायझेनबर्गचा १९२७ चा नियम 'काहीही होऊ शकतं' असं सांगत नाही. कणाची जागा आणि संवेग दोन्ही एकाच वेळी एका मर्यादेपलीकडे नेमके ठरलेले नसतात, असं तो सांगतो, आणि ती मर्यादाही नेमक्या आकड्यात सांगतो. शक्यतांचं प्रमाण बॉर्नच्या नियमाने बांधलेलं आहे. आपल्या इच्छेने ते हलत नाही. खरं तर इच्छेप्रमाणे फळ मिळवायचं तंत्र शोधणाऱ्यांनी गीतेचा दुसरा अध्याय पुन्हा एकदा उघडावा, एवढंच सुचवते.

पण त्यात हित असेल तर?

इथे एक प्रामाणिक शंका येते, आणि ती टाळायची नाही. एखादा मुलगा असा मेसेज वाचूनच पहिल्यांदा गीता हातात घेतो. मग तो मेसेज प्रिय होता, त्यातून हितही झालं. सत्यात थोडी उणीव राहिली, तर बिघडलं कुठे?

मला वाटतं, बिघडतं ते पुढे. हा मुलगा उद्या इंजिनिअरिंगला जातो, किंवा पवईला, आयसरला भौतिकशास्त्र शिकायला लागतो. तिसऱ्या सत्रात त्याला कळतं की निरीक्षक म्हणजे चेतना, हे खरं नव्हतं. तेव्हा तो फक्त मेसेज टाकून देत नाही. त्या मेसेजच्या हाताला धरून आलेली गीताही टाकून देतो. त्याच्या मनात एक वाक्य पक्कं बसतं : ही मंडळी खोटं बोलतात. जे हित वाटलं होतं, त्याची मुदत तीन सत्रांची होती.

दुसरं, आपल्याला हा पुरावा हवा कशाला असतो, हेही तपासायला हवं. याच अध्यायात तीन श्लोक पुढे भगवंत म्हणतात की सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून दिखाव्याने केलेलं तप राजस असतं, चंचल असतं, टिकत नाही. 'विज्ञानानेही मान्य केलं' म्हणताना मनाच्या कोपऱ्यात काय चाललेलं असतं? ऑफिसातल्या चारचौघांनी आपल्याला मागासलेलं समजू नये, ही धडपड असते की नाही? ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला जिनिव्हाच्या प्रयोगशाळेची सही लागते, म्हणजे ज्ञानेश्वरीवरचा विश्वास अजून कच्चाच आहे.

खरेपणा कसा असतो, त्याची उदाहरणं आपल्याला त्या शास्त्रज्ञांकडूनच घेता येतील. जॉन क्लाउझर नावाचा तरुण होता. आइन्स्टाइन बरोबर ठरावेत आणि क्वांटम सिद्धान्त तोकडा पडावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. जॉन बेलने १९६४ साली या वादाचा निकाल प्रयोगाने लावण्याची युक्ती शोधली होती. क्लाउझरने बर्कलेत स्टुअर्ट फ्रीडमनबरोबर जमेल ते सामान जोडून तो प्रयोग केला. १९७२ साली निकाल आला, आणि तो त्याच्या इच्छेच्या अगदी उलट होता. त्याने तो जसा होता तसा छापला. पुढे आलँ आस्पे आणि अँटोन झायलिंगर यांनी त्यात भर घातली, आणि २०२२ साली तिघांना मिळून नोबेल मिळालं. स्वतःच्या लाडक्या मताविरुद्ध गेलेलं सत्य जगापुढे ठेवणं, याला वाणीचं तप म्हणायला काय हरकत आहे?

आणि दुसरं उदाहरण खुद्द श्रोडिंगरचं. वेदान्ताशी त्याचं नातं खरं होतं, ते कोणी रचलेलं नाही. उपनिषदांतल्या आत्मा आणि ब्रह्माच्या ऐक्याचा विचार त्याला आयुष्यभर ओढत राहिला. १९४४ सालच्या 'व्हॉट इज लाइफ?' या पुस्तकाच्या शेवटी त्याने तो मांडलाही. पण मांडताना आधीच सांगून ठेवलं की विज्ञानाचा भाग संपला, आता हे माझं वैयक्तिक मत आहे. आपलं समीकरण उपनिषदांनी सिद्ध होतं असं तो तिथे म्हणाला नाही, की समीकरणाने उपनिषदं सिद्ध होतात असंही म्हणाला नाही. ज्याच्याकडे दोन्ही होती, त्यानेच मध्ये एक रेघ ओढली. आपण ती का पुसायची?

दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही हेच लागू आहे बरं का. 'विज्ञानाने दाखवून दिलं की सगळं योगायोगाने चाललंय, अर्थ वगैरे काही नसतो' असं जे ठामपणे सांगतात, तेही समीकरणात नसलेलं वाक्य समीकरणाच्या तोंडी घालतात. बोमच्या मांडणीत तर योगायोग मुळातच नाही. प्रश्न उघडा आहे म्हणजे तो दोघांसाठीही उघडा आहे.

'माहीत नाही' म्हणायला शिकूया

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली हे विचारतं, आणि शेवटी म्हणतं की जो वरून पाहतो त्याला ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल. ज्या परंपरेच्या सर्वांत जुन्या ग्रंथात अशी ओळ टिकून राहिली, तिला सगळं आधीच माहीत होतं असं सिद्ध करायची घाई कशाला? उघडा प्रश्न उघडा ठेवून त्याच्यासमोर हात जोडता येतात, हेच तर ते सूक्त शिकवतं. माझ्या लेखी क्वांटम आणि आपली परंपरा यांच्यातलं खरं साम्य असलंच तर ते इथे आहे.

म्हणजे या विषयात आश्चर्य करायचं नाही का? जरूर करायचं. एकेकटा आलेला इलेक्ट्रॉन पट्टे काढतो, हे वाचून मन स्तब्ध झालं तर होऊ द्या. ज्याने हे विश्व रचलं त्याची आठवण आली तर येऊ द्या. भक्ताला विठ्ठल पानाफुलात दिसतो, मग ठिपक्यांच्या पट्ट्यांत का दिसू नये? फक्त 'मला तिथे देव आठवला' आणि 'तिथे देव सिद्ध झाला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं पूर्ण खरं आहे आणि ते म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता राहिली पहिली अट, उद्वेगाची. घरच्या ग्रुपवर काकांनी तो मेसेज टाकला तर काय करायचं? ग्रुपवर सगळ्यांदेखत 'हे फेक आहे' म्हणून लिंक फेकायची, तर सत्य सांभाळलं पण काका दुखावले. तप अर्धंच झालं. त्यापेक्षा संध्याकाळी फोन लावा. 'काका, तुम्ही पाठवलेलं वाचलं. तो फटींचा प्रयोग खरंच भारी आहे, मी थोडं वाचलंय त्याबद्दल, सांगू का?' असं सुरू करा. बघा, काका ऐकतात. कदाचित तेराव्या अध्यायातलं तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी तेच सांगतील. सत्य, प्रिय, हित आणि अनुद्वेग एकत्र आणायला वेळ लागतो, म्हणून तर त्याला तप म्हटलंय.

आजचा अभ्यास : आज देवाधर्माविषयी काहीही पुढे पाठवण्याआधी स्वतःला एकच विचारा : हे खरं आहे हे मला ठाऊक आहे, की खरं असावं असं मला वाटतंय? दुसरं उत्तर आलं तर बोट थांबवा, आणि तेवढ्या वेळात तेराव्या अध्यायातले पहिले सहा श्लोक सावकाश वाचा. स्वाध्यायही वाणीच्या तपातच मोजलाय, हे विसरू नका.

उद्या सोळावा श्लोक, मनाचं तप. भेटूच.

रामकृष्णहरी!